वाघझरीचं गेट

पालीच्या बाजारातून एक फाटा सह्याद्रीकडे वळतो. भातशेतीतून दोनेक कोस गेला की वाघझरीचा घाट चढायला लागतो. या घाटातल्या तीन मैलांचा मैलकुली होता भागोजी गोताड. रस्त्याखालच्या मोरीत अडकलेला पालापाचोळा काढायचा, गटारं उपसायची, खड्ड्यात मुरूम भरायचा, रस्त्यावर दगड आला तर तो कडेला सारायचा, हे त्याचं काम. त्याच्या वयाची, घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाघझर गावातली पोरं मुंबईला गेली, कुणी गिरणीत लागला, कुणी गोदीत. भागोजीला मात्र मुंबई मानवली नाही. सहा महिन्यांत तो परत आला आणि खडी फोडायला बसला, तो रस्त्याचाच झाला. पुढे नोकरी कायम झाली, तुळसाशी लग्न झालं, विमला झाली. एकच मूल. तुळसा चौथी शिकलेली होती. भागोजीला फक्त आकडे यायचे, तेही तिनेच चुलीपुढे कोळशाने गिरवून घेतलेले.

एक्क्याऐंशीच्या श्रावणात घाटाच्या चौथ्या वळणावर दरड आली आणि भागोजीचा जोडीदार शिवा तिच्याखाली गेला. दोघे एकत्रच गटार उपसत होते. भागोजी फावड्याचा निसटलेला दांडा ठोकायला शंभर पावलं खाली आला होता, म्हणून वाचला. शिवा तिसऱ्या दिवशी सापडला. घमेलं डोक्यावर पालथं धरून तो गुडघ्यांवर बसला होता. तेव्हापासून भागोजी चौथ्या वळणाखाली उभा राहून कधी विडी ओढेनासा झाला. काम उरकायचं आणि निघायचं.

दुसऱ्या वर्षी खात्याने सप्रे म्हणून एक इंजिनियर पाठवला. तरणा, चष्मेवाला, पायात कॅनव्हासचे बूट. तो डोंगराच्या माथ्यापर्यंत चढला, चार दिवस झाडीत फिरला, आणि त्याने भागोजीला नेऊन दाखवलं. वर सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराच्या, कडेला गवताखाली जमिनीला भेग पडली होती. बोटभर रुंद, आणि शंभर-सव्वाशे हात लांब.

"म्हणजे सायेब, ह्यो सगळा डोंगूर खाली येणार?"

"येईल. उद्या येईल किंवा वीस वर्षांनी येईल. पण येण्याआधी तो हलेल, भागोजी. ते हलणं आपण मोजायचं."

साहेबाने भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या रोवल्या, अशा सात जोड्या. पाऊस मोजायचं नरसाळं आणि काचेचं भांडं बसवलं. दरडीच्या पायथ्याशी तार ताणली. धोंडा येऊन तार तुटली की चौकीतली घंटा वाजणार. घाटाच्या वर एक गेट, खाली एक गेट. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे आडवे बांबू, कुलपं लावलेले. वरच्या गेटावर भागोजी, खालच्यावर काशीराम, आणि दोघांच्या चौक्यांत हँडल फिरवायचे फोन. भागोजीच्या हातात एक पोलादी पट्टी आली. तिच्यावर बारीक रेघा होत्या.

"खुंट्यांमधलं अंतर रोज मोजायचं," साहेब म्हणाला. "दिवसाला पाच रेघा वाढलं तर फोन करायचा. दहा रेघा वाढलं तर गेट पाडायचं. आणि पायथ्याच्या झऱ्याला गढूळ पाणी आलं, तर मग कुणालाही सोडायचं नाही. मी आलो तरी नाही."

भागोजीने ही तीन वाक्यं देवाच्या गाऱ्हाण्यासारखी पाठ केली.

पहिलं वर्ष सगळं ठीक चाललं. तो रोज सकाळी घोंगडी पांघरून वर चढायचा, सात ठिकाणी पट्टी लावायचा, खाली येऊन आकडे सांगायचा आणि तुळसा ते वहीत लिहायची. महिन्याचा कागद ऑफिसात जायचा. मग सप्रेसाहेबाची बदली झाली. घंटेची बॅटरी भरायला म्हणून लांज्याला गेली ती परत आलीच नाही. तार कुणीतरी गुरं बांधायला तोडून नेली. भागोजीने तीनदा कळवलं, तीनदा "बघतो" असं उत्तर आलं. कागद जात राहिले. ते कुणी वाचतं की नाही, हे काही त्याला कळलं नाही. पण खुंट्या होत्या, पट्टी होती आणि गेट होतं, म्हणून तो चढत राहिला.

पंच्याऐंशीच्या जुलैत विमला बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण. तिचा नवरा महिपत परळला एका छापखान्यात होता. "गणपतीला मी पोराला बगायला येतो," असं सांगून त्याने तिला गाडीत बसवलं होतं. विमलाला नववा सरत आला होता. ती ओटीवर बसून वडलांचे आकडे वहीत लिहायची, कारण तुळसाला आता बारीक दिसत नव्हतं. "बाबा, तुमचा डोंगूर माज्यावानीच हाय," ती हसून म्हणायची, "रोज वाईच वाईच फुगतोय."

मग झड लागली. सलग पाच दिवस पाऊस उघडला नाही. भांडं दिवसातून तीनदा ओतावं लागलं. पहिल्या दिवशी दोन रेघा, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी सात. भागोजीने फोनचं हँडल फिरवलं, तर आत नुसती खरखर. मोडून पडलेल्या झाडाने लाइन तुटली होती. चौथ्या दिवशी अकरा रेघा भरल्या. त्याने दोनदा मोजलं, पट्टी पुसून तिसऱ्यांदा मोजलं, आणि खाली येऊन गेट पाडलं.

फोन बंद पडला तर म्हणून त्याची आणि काशीरामची एक खूण ठरलेली होती. मधल्या घळीच्या पलीकडून वरचं गेट खालच्याला सरळ दिसायचं. वरचं पडलेलं दिसलं की खालचं पाडायचं, आणि उठलेलं दिसलं की उठवायचं. काशीरामने गेट पाडलं. रस्ता बंद झाला.

भागोजीने रोजंदारीच्या गँगमधल्या रामाला जुन्या पाखाडीने खाली ऑफिसात धाडलं. ही पाखाडी म्हणजे रस्ता व्हायच्या आधीची पायऱ्यांची वाट. दरडीला लांबून वळसा घालून जायची आणि पावसात उतरायला दोन तास खायची. रामा संध्याकाळी भिजून चिंब परत आला.

"सायेब मिटिंगला गेलाय. क्लार्क बोलला, वरून हुकूम आल्याबिगर रस्ता बंद करता येत नाय. कुणाच्या इचाराने गेट पाडलास म्हणतो. उद्याच्याला उघडायला सांगितलंय."

"त्याला अकरा रेघा सांगितल्यास?"

"सांगितल्या. तो बोलला, अकरा रेघा म्हंजी किती? मी बोट दाखवलं. तर हसला."

त्या रात्री भागोजी जेवला नाही. उद्या गेट उघडलं नाही तर नोकरी जाईल हे त्याला कळत होतं. उघडलं तर काय होईल, हे त्याने चार वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी उजाडतानाच विमलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. तुळसाने सगुणा सुईणीला बोलावलं. भागोजी मोजायला म्हणून वर गेला, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम? वर जाऊन पाहतो तो एका रात्रीत चौदा रेघा वाढल्या होत्या. दोन खुंट्या वाकड्या झाल्या होत्या. तो घसरत खाली आला आणि दरडीच्या पायथ्याशी गेला. तिथला झरा रोज आरशासारखा असायचा. आज त्यातून चहासारखं लालसर पाणी येत होतं. त्याने ओंजळीत घेतलं, तर बोटांना माती लागली.

तो गेटावर पोचला तेव्हा तिथे दोन ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर रामाला शिव्या देत होते. एवढ्यात वाघझरकडून गावातल्या रावजीची जीप आली. पुढे रावजी, मागे तुळसा आणि सगुणा, आणि त्यांच्या मांडीवर विमला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"गेट उचला!" तुळसा जीप थांबायच्या आधीच ओरडली. "प्वार आडवं हाय. हात बाहेर आलाय त्याचा. सगुणा म्हणते तिच्या हातचं काम नाय, रत्नांग्रीला न्यायला पायजे."

भागोजी जागच्या जागी उभा राहिला.

"आवं, ऐकू येत नाय काय तुमाला? गेट उचला!"

"झऱ्याला गढूळ पानी आलंय," भागोजी म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"मग?"

"डोंगूर सुटलाय, तुळसा. आता सोडता येत नाय."

रावजी जीपमधून उतरला. चांगला माणूस होता तो. "भागोजीदादा, पाच मिनटाचा सवाल हाय. एवढं चौथं वळण काढलं की झालं. मी अशी सोडतो गाडी की डोंगराला कळणार पन नाय. माजी जबाबदारी."

पाच मिनिटं. भागोजीला ते पटत होतं. पाच मिनिटांत कदाचित काहीच होणार नाही. त्याने कमरेची किल्ली काढली. किल्ली आत गेली आणि त्याच वेळी घळीच्या पलीकडे धुकं वाईच फाटलं. खालच्या गेटापाशी लाल यष्टी उभी होती. रत्नागिरीहून आलेली, माणसांनी भरलेली, छतावर सामान. तिच्यामागे आणखी एक ट्रक. यष्टीचा हॉर्न वाजत होता. काशीराम गेटाला पाठ लावून उभा होता, आणि तो वर पाहत होता.

हे गेट उठलं की ते उठणार. जीप वरून जाणार, यष्टी खालून येणार, आणि दोघी चौथ्या वळणावर समोरासमोर येणार. रस्ता तिथेच अरुंद. एकीला मागे सरावं लागणार, आणि तेही त्या डोंगराखाली.

त्याने किल्ली बाहेर काढली.

"पाखाडीने न्या," तो म्हणाला. "डोली करा. रामा, ट्रकवाल्यांना घे संगती. घोंगडी घे, ह्यो चौकीतला बांबू घे."

"पाखाडीने दोन तास लागतात!" तुळसा किंचाळली. "दोन तास ती काय करंल? आवं, ती तुमची पोरगी हाय! डोंगूर तुमच्या पोटचा हाय काय?" तिने त्याच्या मुठीवर झडप घातली. सबंध संसारात तिने त्याच्या अंगाला कधी रागाने हात लावला नव्हता. आता ती त्याची बोटं एकेक करून उकलत होती, नखांनी ओरबाडत होती. त्याने मूठ सोडली नाही. शेवटी ती चिखलात खाली बसली.

विमलाने जीपमधूनच मान वळवली. "बाबा," ती म्हणाली. एवढंच. तिला पुढे बोलायचं होतं, पण कळ आली.

डोली करायला पाव तास गेला. मघापर्यंत शिव्या देणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरांनी स्वतःच्या ताडपत्रीचा तुकडा फाडून वर पांघरायला दिला. रामा, रावजी आणि दोन ड्रायव्हर असे चौघे खांदेकरी झाले. वाटेत बदली लागणार होती. पाचव्या खांद्याची गरज होती आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

"तुमी येताव ना?" रामाने विचारलं.

भागोजीने मागे पाहिलं. ट्रकचे पोरसवदा क्लीनर होते, वाघझरकडून आणखी दोन गाड्या येऊन लागल्या होत्या. आपण गेलो तर घटकाभरात कुणीतरी टिकाव घालून कुलूप तोडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या जागी दुसरा कुणी मैलकुली नव्हता. शिवाच्या जागी कुणी भरलाच नव्हता.

"मी कसा येऊ?" तो म्हणाला.

डोली पाखाडीच्या पहिल्या वळणाआड गेली. तुळसा एकदाही मागे वळली नाही. विमलाच्या ओरडण्याचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, कधी पावसात बुडायचा, कधी वर यायचा. मग तोही थांबला. तो लांब गेल्यामुळे थांबला की दुसऱ्या कशाने, हे भागोजीला कळायला मार्ग नव्हता. तो गेटाला धरून उभा राहिला. कुणीतरी त्याला चहा दिला, तो त्याच्या हातातच गार झाला.

साडेबाराला त्याला घळीच्या पलीकडे हालचाल दिसली. यष्टीतली माणसं खाली उतरत होती, पावसात उभी राहत होती. डोली आत चढवली गेली. मग ती लाल यष्टी मागे-पुढे करत कष्टाने वळली आणि पालीकडे निघून गेली. भागोजीने गावदेवीचं नाव घेतलं. नवस बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलावं ते सुचेना. डोंगर पडू दे म्हणावं, की पडू देऊ नको म्हणावं?

दुपार सरली. डोंगर हलला नाही. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. मागच्या गाडीतला एक व्यापारी मोठ्याने बोलला, "पोरीला मारायला काढलं, आणि डोंगर बघा कसा बसलाय निवांत." कुणी त्याला गप्प केलं नाही. भागोजीलाही तेच वाटत होतं. साडेपाचनंतर त्याला वाटलं, आपलं डोकं फिरलंय. रेघा चुकीच्या मोजल्या असतील, झऱ्यात वरून गुराढोरांनी माती ढकलली असेल. तो उठला आणि पुन्हा एकदा झरा बघायला निघाला. चाळीस-पन्नास पावलं गेला असेल.

पावणेसहाला डोंगर आला. आधी वरची झाडं उभीच्या उभी चालायला लागली. मग लांबून शंभर बैलगाड्या जाव्यात तसा आवाज झाला, आणि चौथं वळण, पाचवं वळण, मधली मोरी, सगळं लाल चिखलाखाली गेलं. भागोजी रस्त्यावर पालथा पडला होता. उठला तेव्हा त्याच्यापुढे वीस पावलांवर रस्ता संपला होता.

मागून माणसं धावत आली. तो व्यापारी सगळ्यांत पुढे होता. त्याने भागोजीला मिठी मारली आणि रडायला लागला. भागोजीचे डोळे कोरडे होते. तो एकच हिशोब करत होता. जीप साडेदहाला आली. डोंगर पावणेसहाला आला. म्हणजे सोडलं असतं तर ती गेली असती. सहज गेली असती. यष्टीसुद्धा गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामा पाखाडीने वर आला. पायरीवर बसला, टोपी काढून पिळली.

"बाय वाचली," तो म्हणाला. "प्वार नाय वाचलं. मुलगा व्हता."

"डागतर काय बोलला?"

"बोलला, दोन तास आदी आणली असती तर बगता आलं असतं. मंग बोलला, तरीपन सांगता येत नाय, नाळ गळ्याला व्हती."

"ह्यातलं आदी काय बोलला?"

रामाने त्याच्याकडे पाहिलं. "दोन तासाचं आदी."

रस्ता सव्वा महिना बंद राहिला. या काळात एक लखोटा आला. तो दरड पडायच्या आदल्या दिवशीच निघाला होता. विनापरवाना वाहतूक बंद केल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. घरी उत्तर लिहायला कुणी नव्हतं. तुळसा रत्नागिरीहूनच विमलाला घेऊन मुंबईला गेली होती. भागोजीने शाळेच्या मास्तरांकडून एक ओळ लिहून घेतली: "डोंगर पडला आहे, येऊन पाहावे." पुढे काही आलं नाही. ना कारवाई, ना शाबासकी. खुंट्या दरडीबरोबर गेल्या होत्या, नवीन कुणी लावल्या नाहीत.

तुळसा गणपतीनंतर परत आली. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आणि आत जायची. वर्षभर दोघांत गरजेपुरतंच बोलणं होतं. मग एका रात्री तिने आपणहून त्याच्या पाठीला तेल लावलं. "तुमची पन चूक नाय," ती म्हणाली, "पन माजं मन काय वळत नाय. मी तरी काय करू?" तो म्हणाला, "नको वळवू."

विमला तीन वर्षं आली नाही. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात आली, कडेवर एक मुलगी घेऊन. महिपतने तिला आग्रहाने पाठवलं होतं. दोन दिवस ती आईशीच बोलली. भागोजी अंगणाच्या कडेला उगीच लाकडं फोडत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर आली आणि जोत्यावर बसली.

"बाबा, त्या यष्टीत किती माणसं व्हती?"

त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "ठावं नाय. मोजली नव्हती."

"त्यांनी मला आडवी निजवली. एक म्हातारी पुऱ्या वाटंभर माझं डोकं धरून व्हती. मी तिचं नाव पन इचारलं नाय." तिने पायाशी पडलेली ढलपी उचलली. "मला रोज वाटतं बाबा, तुमी उचलायला पायजे व्हतं. आजपन वाटतं. ती म्हातारी आठवली तरीपन वाटतं."

"मला बी वाटतं," भागोजी म्हणाला.

मुलगी आत रडायला लागली तशी विमला उठून गेली. जाण्याच्या दिवशी ती त्याच्या पाया पडली नाही. पण यष्टीत चढताना मुलीला त्याच्या हातात दिलं, सामान वर चढवून होईपर्यंत.